ट्यूबलाइटसमोरचा गुडघा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका रविवारी आमच्या हॉस्टेलची दहा-बारा पोरं द्रोणागिरी किल्ल्यावर गेली होती. वरून एका बाजूला करंजाची खाडी, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या क्रेन, सगळं पावसात धूसर. फोटोबिटो काढून झाले आणि उतरताना शेवाळलेल्या दगडावर सेकंड इयरच्या एकाचा डावा पाय अडकला. पाऊल दगडात रुतलेलं आणि अंग मात्र गरकन फिरलं. गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला, असं तो म्हणतो. दोघांच्या खांद्यावर हात टाकून तो खाली आला. दुपारपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला.

संध्याकाळी एका दवाखान्यात एक्स-रे काढला. "फ्रॅक्चर नाही, क्रेप बँडेज बांधा, आठ दिवसांत पळायला लागाल," असं सांगून त्याला परत पाठवलं. मग दोन फिल्मचं ते मोठं पाकीट हॉस्टेलवर आलं आणि मेसच्या बाहेरच्या ट्यूबलाइटखाली तज्ज्ञांची समिती बसली. मेकॅनिकल, सिव्हिल, ईएक्सटीसी, सगळ्या ब्रँचचं प्रतिनिधित्व होतं. बाजूने काढलेल्या फिल्मवर गुडघ्याच्या मागे एक गोलसर दाणा सुटा दिसत होता. "हा बघ तुकडा! डॉक्टरला दिसलाच नाही!" असं म्हणून एकाने पोराला घाबरवून सोडलं. समोरून काढलेल्या फिल्मवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. दुखतंय त्या बाजूला काही नाही, एकदम क्लीन.

मी जेवून बाहेर आलो तेव्हा हे चाललं होतं. मी एवढंच विचारलं, "फिल्म सुलटी धरली आहे का?" सगळे हसले. मग ज्याच्या हातात फिल्म होती त्याचा अंगठा बाजूला केला. त्याखाली 'एल' हे अक्षर होतं, आरशात दिसावं तसं उलटं.

आता यात काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. फिल्म पारदर्शक असते. पाठमोरी धरली तरी हाड तेच दिसतं. बिघडलं ते असं की पोरगा समोर खुर्चीवर बसलेला, आणि त्याला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखत होतं. तो समोर बसलेला असताना त्याच्या डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू आपल्या उजव्या हाताला येते. म्हणून समितीने फिल्मची उजवी बाजू तपासली. पण फिल्म उलटी असल्यामुळे ती गुडघ्याची आतली बाजू होती. ती क्लीनच असणार. दुखणारी बाजू कोणी बघितलीच नव्हती!

मला हे सुचलं यात माझी हुशारी काही नाही. मी डॉक्टर नाही, फायनल इयर मेकॅनिकलचा विद्यार्थी आहे. पण गेली दोन वर्षं माझ्या कपाटात सबमिशनच्या फाइलींशेजारी आईच्या गुडघ्याच्या पाच फिल्म आहेत, आणि त्यांच्यापायी मला गुडघ्याचा फोटो कसा बघतात हे थोडंफार शिकावं लागलं. ते इथे लिहितोय. उद्या तुमच्याही हातात असं पाकीट येईल, स्वतःचं नाही तर आईवडिलांचं.

एक्स-रे म्हणजे फोटो नव्हे, सावली. एका ठिकाणाहून किरण निघतात, गुडघ्यातून आरपार जातात आणि पलीकडच्या प्लेटवर छाया पडते. पुढचं-मागचं सगळं एकाच कागदावर चपटं होतं. एवढंच नाही, सावली खऱ्या वस्तूपेक्षा थोडी मोठी असते. किरणांचं उगमस्थान प्लेटपासून १०० सेमी आणि हाड प्लेटपासून ५ सेमी वर असेल, तर १०० भागिले ९५, म्हणजे साधारण ५ टक्के मोठं. समरूप त्रिकोण, दहावीचा धडा. म्हणूनच गुडघा बदलायच्या ऑपरेशनआधी माप घेताना पायाशेजारी ठरावीक व्यासाची धातूची गोळी ठेवून फोटो काढतात, म्हणजे स्केल मिळतं.

पण आकारापेक्षा मोठा प्रश्न दिशेचा. माझे आजोबा करंजाचे, मासेमारी करणारे. समुद्रात जागा कशी ओळखायची हे ते सांगायचे. किनाऱ्यावरच्या दोन खुणा घ्यायच्या, एक जवळची, एक लांबची. समजा एखादं देऊळ आणि त्यामागे डोंगराचं टोक. दोन्ही एकमेकांवर आले की आपली होडी त्या रेषेवर आहे. टोक देवळाच्या डावीकडे सरकलं म्हणजे डोंगर हललेला नसतो, आपण हललेलो असतो. गुडघ्याच्या फिल्मवर नेमकं हेच करायचं असतं. हाडांवरच्या खुणा आधी हाडाबद्दल वाचायच्या नाहीत. किरण कुठून आला, पाय सरळ होता की वळलेला, हे त्यांच्याकडून आधी काढून घ्यायचं. मग हाडाकडे वळायचं.

समोरून काढलेली फिल्म घ्या. वर मांडीचं हाड, म्हणजे फीमर. ते खाली रुंद होऊन दोन गोल टोकांत संपतं. त्यांना काँडाइल म्हणतात, एक आतलं, एक बाहेरचं. दोघांच्या मध्ये खाच. खाली नडगीचं हाड, टिबिया, त्याचा माथा पठारासारखा सपाट. पठाराच्या मधोमध दोन छोटी टोकं वर आलेली दिसतात, जुळ्या सुळक्यांसारखी, आणि ती वरच्या खाचेच्या समोर येतात. बाहेरच्या बाजूला, पठाराच्या जरा खाली, बारीक हाडाचं डोकं. हे फिब्युला. आणि फीमरच्या टोकावर एक फिकट गोल डाग दिसतो ती गुडघ्याची वाटी. ती समोर असते, पण छायेत फीमरवर चढून बसते.

आता खुणा जुळवा. वाटीचा डाग दोन काँडाइलच्या मधोमध आहे का? फिब्युलाचं डोकं टिबियामागे थोडंसं झाकलेलं आहे का? दोन्ही असतील तर पाय सरळ होता. फिब्युला पूर्ण मोकळी दिसली तर पाय आत वळला होता, जास्त झाकली गेली तर बाहेर. याने फरक पडतो. गुडघा किंचित वाकलेला आणि पाय बाहेर वळलेला असेल, तर सरळ पायसुद्धा फिल्मवर फेंगडा दिसतो. पाय चांगला असतो, फोटो वाकडा असतो.

फिब्युला आणखी एक गोष्ट सांगते: बाहेरची बाजू कुठली. पण डावा गुडघा की उजवा हे ती सांगू शकत नाही, कारण उलटी धरलेली डाव्या गुडघ्याची फिल्म हुबेहूब उजव्यासारखी दिसते. ते फक्त कोपऱ्यातलं अक्षर सांगतं. म्हणून प्लेटवर शिशाचं 'एल' किंवा 'आर' ठेवून फोटो काढायची पद्धत आहे. मोबाइलवर फिल्मचा फोटो काढून ग्रुपवर टाकणाऱ्यांनी ते अक्षर कापू नये, हात जोडून विनंती.

आता आईची गोष्ट. आई तरुणपणी मिठागरावर कामाला होती, नंतर पंचवीस वर्षं बाजारात सुकी मासळी विकायला बसते. बसते म्हणजे खुर्चीवर नाही, पाटावर, गुडघे दुमडून. तिचा उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला. पहिला एक्स-रे काढला तो टेबलावर झोपवून. "फट चांगली आहे, वयोमानाने होतं, वजन कमी करा." दीड वर्षं हेच ऐकलं, गोळ्या खाल्ल्या. पाय मात्र हळूहळू धनुष्यासारखा बाहेर वाकत चालला होता. आम्हाला तो दिसत होता, फिल्मवर दिसत नव्हता.

ही 'फट' काय भानगड आहे ते समजून घ्या, कारण गुडघ्याच्या फिल्मवरची सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे ही रिकामी जागा. फीमर आणि टिबिया फिल्मवर एकमेकांना टेकलेले दिसत नाहीत. मधे काळी पट्टी असते, निरोगी गुडघ्यात साधारण पाच मिलिमीटरच्या आसपास. तिथे हवा नसते. तिथे कूर्चा असते, ज्याला आपण बोलताना 'गादी' म्हणतो. ती एक्स-रेमध्ये दिसत नाही, तिची जाडी फक्त हाडांमधल्या अंतरावरून कळते. पण हे अंतर खरं कधी? वरून वजन असेल तेव्हा. माणूस झोपलेला असताना सांध्यावर भार नसतो, गादी झिजून संपली असली तरी हाडं लांब राहू शकतात. पूल लोड न टाकता तपासायचा आणि पास करायचा, तसलाच प्रकार.

पनवेलला एका ठिकाणी दुसऱ्यांदा फोटो काढायला गेलो तेव्हा तिथल्या टेक्निशियन ताईंनी जुनी फिल्म उजेडावर धरली आणि विचारलं, "हा झोपवून काढला होता का? मावशी, आता उभ्या राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन द्या." उभं राहून काढलेल्या फिल्मवर आतल्या बाजूची फट नव्हतीच. हाडाला हाड टेकलेलं. झोपवून काढलेल्या फिल्मवर मी पट्टीने मोजली होती तेव्हा ती चार मिलिमीटर भरली होती. मधे दोनच आठवडे गेले होते. गादी दोन आठवड्यांत झिजत नाही.

झीज किती झाली हे ठरवायला डॉक्टर अजूनही केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेली श्रेणी वापरतात, शून्य ते चार. फट किती कमी झाली, हाडाच्या कडेला टोकं फुटली का, पृष्ठभाग पांढरा-कडक झाला का, हे बघून. आईला चौथी मिळाली. आमच्या घराण्यात एवढ्या वरच्या ग्रेडची सवय नाही, असं मी म्हटलं तर ती हसली, पण फारशी नाही.

पाय वाकडा का झाला हे मेकॅनिकलवाल्याला सांगायला नको. खुब्याच्या सांध्याच्या गोळ्याचा मध्य आणि घोट्याचा मध्य जोडणारी रेषा काढा. हा पायाचा भार-अक्ष. निरोगी पायात तो गुडघ्याच्या मध्याजवळून, किंचित आतल्या बाजूने जातो. म्हणून चालताना गुडघ्यावरच्या भारापैकी साधारण ६० ते ७० टक्के भार आतला कप्पा घेतो. आतली गादी झिजली की पाय त्या बाजूला कलतो, अक्ष आणखी आत सरकतो, आतल्या कप्प्यावरचा भार वाढतो, गादी आणखी झिजते. पॉझिटिव्ह फीडबॅक, कंट्रोल सिस्टीमच्या पेपरला येतो तोच.

गंमत म्हणजे हा अक्ष गुडघ्याच्या छोट्या फिल्मवर मोजताच येत नाही, कारण खुबा त्यात नसतो. मांडीच्या हाडाची स्वतःची मधली रेषा आणि हा भार-अक्ष यांच्यात साधारण सहा अंशांचा कोन असतो. म्हणजे छोट्या फिल्मवर हाडाच्या मधून पट्टीने रेघ मारून "पाय सरळ आहे" म्हणणारा सुरुवातीलाच सहा अंश चुकतो. त्यासाठी खुब्यापासून घोट्यापर्यंत उभी लांब फिल्म लागते. त्या फिल्मवर दोन कोन वाचतात. भार-अक्ष आणि फीमरच्या खालच्या टोकांना स्पर्श करणारी रेषा यांच्यातला बाहेरचा कोन साधारण ८८ अंश, आणि टिबियाच्या पठाराची रेषा आणि टिबियाचा अक्ष यांच्यातला आतला कोन साधारण ८७ अंश. दोन्ही ८५ ते ९० मध्ये असले तर ठीक. म्हणजे निसर्गाने गुडघ्याचा सांधा काटकोनात बसवलेलाच नाही, तो दोन-तीन अंश तिरका आहे. वर्कशॉपमध्ये ट्राय-स्क्वेअर लावून फायलिंग करायला लावणाऱ्या आपल्या सरांना हा जॉब पसंत पडला नसता.

हे अंश महत्त्वाचे का, तर कृत्रिम सांधा बसवताना हाड याच रेषांना धरून कापतात. या सांध्यामागे इंजिनिअर होता हे मला माहीत नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि चित्तरंजन राणावत या दोन सर्जननी पीटर वॉकर या इंजिनिअरबरोबर 'टोटल काँडाइलर' नावाचा सांधा बनवला, तो १९७४ मध्ये पहिल्यांदा बसवला गेला, आणि नंतरचे बरेच सांधे त्याच वंशातले. हेच डॉ. राणावत ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलायला आले होते. त्या वेळी गुडघा 'बदलता' येतो हे महाराष्ट्रातल्या घराघरांत पेपरमधून कळलं. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला आपल्याकडचा अटल सेतू त्यांच्याच नावाचा. त्याच्या जोडांनाही भार, कोन आणि फट हीच गणितं, पण तो विषय वेगळा. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेतींनी 'इंडस' हा भारतीय बनावटीचा सांधा तयार केला. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसांचा विचार त्यामागे होता. आई पहिला प्रश्न तोच विचारते: "पाटावर बसता येईल का?" डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बसू नका, स्टूल घ्या. बाजारात स्टुलावर बसली की गिऱ्हाईक खाली वाकून मासळी बघत नाही, असं तिचं म्हणणं. तारीख अजून ठरलेली नाही.

आता बाजूने काढलेली फिल्म, जिच्यात समितीला तुकडा सापडला होता. इथे पहिली तपासणी म्हणजे दोन्ही काँडाइलच्या मागच्या कडा एकमेकांवर आल्यात का. देऊळ आणि डोंगर! आल्या असतील तर किरण बरोबर बाजूने गेला. वाटी इथे समोर स्वच्छ दिसते. वाटीची तिरपी लांबी आणि वाटीच्या खालच्या टोकापासून टिबियाच्या पुढच्या उंचवट्यापर्यंतची दोरी, म्हणजे टेंडन, यांची लांबी जवळपास सारखी असते. टेंडनला वाटीने भागलं की ०.८ ते १.२ यायला हवं. हे इन्सॉल आणि साल्वाती यांचं १९७१ चं गुणोत्तर, इन्सॉल वर आले तेच. याची खुबी अशी की भागाकारात सावलीचं मोठेपण उडून जातं, वर-खाली तेच ५ टक्के.

मार लागलेल्या गुडघ्यात याच फिल्मवर आणखी एक गोष्ट शोधतात. सांध्याच्या आत हाड फुटलं तर हाडाच्या पोकळीतली चरबी रक्ताबरोबर सांध्यात येते. चरबी हलकी, रक्त जड. माणसाला झोपवून किरण आडवा सोडला तर वाटीच्या वरच्या भागात दोघांमधली सरळ आडवी रेघ दिसते. मेसच्या रश्श्यावरची तर्री बघितलीय ना, तीच. ती रेघ दिसली तर भेग दिसो न दिसो, हाड कुठेतरी फुटलंय असं धरून पुढे शोधतात. इथेही फोटो कसा काढला ते आधी विचारायचं. किरण वरून खाली सोडला तर थर एकमेकांवर पडतात आणि रेघ दिसतच नाही.

आणि तो मागचा दाणा? त्याला फॅबेला म्हणतात, लॅटिनमध्ये छोटी शेंगबी. बाहेरच्या काँडाइलच्या मागे, पोटरीच्या स्नायूच्या मुळाशी काही जणांना हे हाड मुळातच असतं. कडा गुळगुळीत, चहूबाजूंनी सारखी पांढरी रेघ. नुकत्याच तुटलेल्या तुकड्याची एक बाजू ओबडधोबड असते आणि समोरच्या हाडात त्याची जागा सापडते. तसंच फीमरच्या खालच्या भागात एक फिकट आडवी रेघ आपल्या वयाच्या पोरांत बऱ्याचदा दिसते, तीही भेग नसते. वाढ संपली तिथली खूण असते.

त्या रात्री फिल्म सुलटी केल्यावर मी फिब्युलाकडून वर गेलो. पठाराच्या बाहेरच्या कडेला, सांध्याच्या रेषेच्या जरा खाली, हाडापासून किंचित सुटलेला एक उभा पातळ पापुद्रा होता. नखाच्या कातरणाएवढा. मी "हे काय आहे मला माहीत नाही, पण उद्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवू," एवढंच म्हणालो, आणि रेक्टर सरांनी सकाळी गाडी दिली. डॉक्टरांनी तो पापुद्रा बघितला, गुडघा दोन्ही हातांत धरून हलवला आणि एमआरआय लिहून दिला.

त्या पापुद्र्याला सेगाँ फ्रॅक्चर म्हणतात. पॉल सेगाँ या फ्रेंच सर्जनने १८७९ मध्ये त्याचं वर्णन केलं, मृतदेहांचे गुडघे पिळून. राँटगेनला एक्स-रे सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये, म्हणजे त्याआधी सोळा वर्षं! तुकडा एवढासा, त्याने चालायला काही अडत नाही. पण तो ज्या पिळाने निघतो त्याच पिळाने बहुतेक वेळा गुडघ्याच्या आतला पुढचा क्रूशिएट लिगामेंट तुटतो, आणि लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. फिल्मवर दिसतो फक्त हा पुरावा. आठ दिवसांनी पोरगा कबड्डीला उतरला असता तर दर वेळी वळताना गुडघा निसटला असता आणि आतली चकतीही फाटत गेली असती.

एमआरआयमध्ये लिगामेंट पूर्ण तुटलेला निघाला. चकतीचा एक कोपराही फाटला होता. सूज उतरेपर्यंत थांबून ऑपरेशन झालं. रेक्टर सरांनी त्याला तळमजल्यावरची खोली दिली आहे, आणि त्याची समोरची फिल्म आता समितीच्या प्रत्येक सदस्याला तोंडपाठ आहे.

जाता जाता हॉस्टेलसाठी. गुडघ्याला मार लागल्यावर एक्स-रे लागतो की नाही, यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी केलेले सोपे नियम आहेत. फिब्युलाच्या डोक्यावर दाबून दुखतं, किंवा फक्त वाटीवर दाबून दुखतं, किंवा गुडघा ९० अंश वाकत नाही, किंवा चार पावलं टाकता येत नाहीत, किंवा वय ५५ किंवा त्याहून जास्त आहे, यातलं एक जरी असलं तरी फोटो काढा. हे नियम फक्त फ्रॅक्चरसाठी आहेत. दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त आहे असं समजा आणि फिल्म नॉर्मल म्हटली तरी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आईवडिलांच्या झिजेसाठी जात असाल तर खोलीत शिरतानाच विचारा, "उभं करून काढणार ना?" आणि जुन्या फिल्मची पाकिटं रद्दीत घालू नका.